हिरव्या बटणावरचा शब्द

प्रिय भिंगरी,

मावशीच्या दारात मी तीनदा येऊन गेले आणि तिन्ही वेळा तू आतून कडी लावून घेतलीस. तिसऱ्या वेळी तासभर पायरीवर बसले, तर शेजारच्या बाईनं मला मीटर बघायला आलेली समजून आपल्या घरात बोलावलं. फोन तू उचलत नाहीस, उचललास तर बोलत नाहीस. लहानपणी तुझी टकळी बंद करायला मी तुला शंभरापासून उलटे आकडे मोजायला लावायचे, आणि आता तुझ्या एका शब्दासाठी माझा जीव टांगणीला लागलाय. म्हणून हे पत्र. मावशी म्हणाली, ताटाशेजारी ठेवते आणि वाचल्याशिवाय उठू देत नाही. तिनं एकदा मनावर घेतलं की कोणाची टाप नसते, तेव्हा तूही वाचशील. पत्र लांबेल. मला थोडक्यात सांगता येत नाही हे तुला माहीत आहे, आणि यावेळी थोडक्यात उरकायचा मला अधिकारही नाही.

उद्या, सोमवारी अकराला, कारखान्यातल्या अपघाताबद्दल तुझी चौकशी आहे. काय होऊ शकतं ते आधी स्पष्ट लिहिते, कारण मावशी तुला 'होईल सगळं ठीक' एवढंच सांगत असणार. तुझ्या सासूनं लेखी दिलंय की तू मुद्दाम केलंस. अपघाताच्या दोन दिवस आधी नळावर तुझं दिराशी भांडण झालं, त्यानं तुझी बादली लाथेनं उडवली आणि तू म्हणालीस, 'हात झडो मेल्याचे.' पाय म्हणायचं सोडून हातच का म्हणालीस गं? पण असं आपण दिवसातून दहा वेळा म्हणतो, कोणाचं काही झडत नाही. गल्लीतल्या चार बायकांनी मात्र ते ऐकलंय आणि चौघींनी सह्या केल्यात. अधिकाऱ्यांना ते पटलं तर कागद पोलिसांकडे जाईल, मग कोर्ट आणि मग तुरुंग. त्यांना ते नाही पटलं तरी तुझ्या नावापुढे निष्काळजीपणा लिहिला जाईल, आणि उजव्या हाताची चार बोटं गेलेला माणूस त्याच घरात, त्याच पंगतीला, जन्मभर तुझ्यासमोर डाव्या हातानं जेवेल. तुझा नवरा तर आईच्या आणि तुझ्या मध्ये असा अडकलाय की सात आठवड्यांत त्यानं तुला एक निरोप पाठवला नाही. मी त्याला भेटले. तो सारखा घड्याळ बघत होता.

आज रविवार. वर्कशॉप बंद आहे, मामांकडून किल्ली घेऊन मी इथे येऊन बसलेय. मामा म्हणजे आमचे म्हातारे फिटर, तू त्यांच्या डब्यातली भाकर चोरून खायचीस तेच. समोर अंड्यांचे ट्रे बनवायचं नवं मशीन अर्धवट उभं आहे. सांगाडा जोडून झालाय, रद्दी भिजवायची टाकी अजून रंगायची आहे, साचे लाकडी पेटीत आहेत, आणि माझं बटणांचं पॅनेल दार उघडं टाकून बसलंय, आतल्या वायरी बाहेर लोंबताहेत. तू असं अर्धवट मशीन पहिल्यांदा बघितलंस तेव्हा नऊ वर्षांची होतीस. आई गेल्याला तेरा दिवसही झाले नव्हते आणि घरी तुला ठेवायला कोणी नव्हतं, म्हणून तुला घेऊन कामावर आले. मालक ओरडतील म्हणून तुला साच्यांच्या पेटीमागे बसवलं. दहा मिनिटांत तू बाहेर, आणि मामांना विचारतेयस की अंडी कुठून आत घालायची. मामा हसून हसून लेथवर डोकं टेकून बसले. भिंगरी हे नाव त्यांनीच ठेवलं त्या दिवशी.

तेव्हा मी जाळी शिवायचे. ॲल्युमिनियमचा साचा ओतून येतो, त्यावर तीस उंचवटे, पाच रांगा, सहा-सहाच्या. प्रत्येक उंचवट्याला बारीक भोकं पाडायची. मग त्यावर पोलादी तारेची बारीक जाळी दाबून दाबून बसवायची, खोबणीत शिरेल अशी, आणि कडेनं केसासारख्या तारेनं टाके घालायचे. हे काम बायकांचं, कारण पुरुषांचे अंगठे त्या खोबणीत जात नाहीत. आठ वर्षं मी तेच केलं. तुझ्या शाळेच्या वहीवर माझ्या बोटांचे रक्ताचे ठिपके पडायचे आणि तू बाईंना सांगायचीस की ताई शिंपीण आहे, लोखंडाचे कपडे शिवते. टाक्याचं शेवटचं टोक आत वळवून चपटं करायचं असतं. नाही केलं तर ते बाहेर डोकावतं आणि हाताला लागतं. हे टोक लक्षात ठेव, पुढे त्याची गोष्ट येणार आहे.

मशीन कसं चालतं ते मी तुला काय सांगणार, दीड वर्षं तूच चालवलंस. तरी लिहिते, कारण सोमवारी ज्यांच्यासमोर बसायचं आहे त्यांना अंड्याचा ट्रे पत्र्याचा असतो की पुठ्ठ्याचा तेवढंच माहीत आहे, आणि तुला एकेक पायरी सांगावी लागेल. रद्दी पाण्यात भिजवून घुसळायची, तिचा लगदा होतो. लगदा ताकासारखा पातळ करून हौदात सोडायचा. खालचा साचा त्या हौदात बुडतो, पंप साच्याच्या भोकांतून हवा ओढतो, पाणी जाळीतून निघून जातं आणि कागदाचा चिखल जाळीला चिकटून बसतो. साचा वर येतो. वर दुसरा साचा उलटा टांगलेला. दोघं एकमेकांत बसले की खालच्याची ओढ बंद करायची, त्यातून उलटी हवा मारायची, म्हणजे ओला ट्रे खालून सुटतो आणि वरच्याला लागतो. वरचा बाजूला सरकून त्याला पट्ट्यावर टाकतो, तिथून भट्टीत. एवढंच मशीन. सगळी करामत त्या पकडण्यात आणि सुटण्यात आहे. लगदा फार जाड झाला तर ट्रे सुटत नाही, फार पातळ झाला तर हवा मारताच फाटतो. म्हणून रोज सकाळी पहिले वीस-तीस ट्रे हातानं काढायचे. एकानं समोरचं दार उघडं ठेवून साच्याजवळ उभं राहायचं, लगदा किती धरला ते डोळ्यांनी बघायचं आणि हाक द्यायची. दुसऱ्यानं पॅनेलवर उभं राहून बटण दाबायचं. लगदा जमला की दार लावून मशीन आपोआपवर टाकायचं.

वर्कशॉपमध्ये त्या हाका पूर्वीपासून दोनच. ओढ सुरू करायची तर 'धर', हवा मारायची तर 'सोड'. मी जाळीवरून पॅनेलवर आले तेव्हा बटणांवर नुसते आकडे असायचे आणि चालवणारे गोंधळायचे. सहा नंबर की नऊ नंबर, पाटी उलटी लावली की दोन्ही एकच. मीच मालकांना म्हणाले की आकडे कशाला, माणसं जे ओरडतात तेच लिहा ना. पितळेच्या पट्ट्या कोरून घेतल्या. निळ्या बटणाखाली 'धर', हिरव्याखाली 'सोड', आणि हातभर अंतरावर, कुणाची गफलत होऊ नये म्हणून मुद्दाम लांब, ते छत्रीएवढं तांबडं 'थांब'. काय मिरवले होते मी! ज्याला दोन अक्षरं वाचता येतात तो मशीन चालवेल असं मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, आणि मी मागे उभी राहून गालातल्या गालात हसायचे. पाच वर्षांत अडतीस मशीनं गेली त्या पट्ट्या लावून. पलीकडच्या वर्कशॉपवाल्यानं नक्कल केली तेव्हा मी त्याला शिव्या दिल्या आणि घरी येऊन तुला बासुंदी... नाही, बासुंदी नव्हती, दूधच होतं साखर घालून, पण आपण ते बासुंदी म्हणून प्यालो.

आणखी एक मीच केलं. नवशिके घाईत साचे मिटायच्या आधीच हवा मारायचे, ओला ट्रे फाटून हौदात पडायचा, सकाळ फुकट जायची. म्हणून मी वायरिंग असं केलं की 'सोड' दाबलं की आधी खालचा साचा वर जाऊन पुरता मिटेल आणि मगच हवा सुटेल. एका बटणात दोन कामं. सेकंदसुद्धा लागत नाही. सगळ्यांनी वाहवा केली. एकट्या मामांनी पट्टी बघून नाक मुरडलं. म्हणाले, पोरी, हा शब्द बदल, 'मार' लिही, 'हवा' लिही, काहीही लिही. माणूस कशात अडकला की तोंडातून 'सोड' हाच शब्द निघतो, आणि तुझं बटण सोडत नाही, आवळतं. त्यांना एका कानानं ऐकू येत नाही आणि ते सदा कशाला ना कशाला नावं ठेवत असतात. मी म्हणाले, मामा, अडकलेला माणूस 'थांब' म्हणेल, आणि नाहीच म्हणाला तर समोरच्याला दिसतं ना. पट्ट्या कोरून झाल्या होत्या. शब्द माझा होता. मामा पुन्हा त्यावर बोलले नाहीत.

तुझं लग्न झालं, वर्षाच्या आत तुझ्या गावच्या ट्रे-कारखान्यानं आमचं मशीन घेतलं, आणि मला वाटलं, दैवानंच जुळवून आणलं. मशीन बसवायला मीच आले. तुला कामाला लावा म्हणून तिथल्या मालकाला गळ मीच घातली, आणि तुझा दीर आधीपासून तिथे होता, म्हणून तोही म्हणाला की वहिनी असली तर बरं. त्या वेळी तुमचं छान जमायचं. तो तुला चिडवायचा की ताईचं मशीन, ताईची बहीण, उद्या अंडीसुद्धा ताईच घालेल. तीन दिवस मी तुम्हाला शिकवलं. तो साच्याजवळ, तू पॅनेलवर. पहिल्या दिवशी तू प्रत्येक हाकेला मान वळवून त्याच्याकडे बघायचीस आणि मग बटण दाबायचीस, तोवर लगदा सुकून ट्रे चिकटायचा. मी तुझ्या टाळक्यात टपली मारली. तुला आठवतं ना, मी काय म्हणाले? बघायचं नाही. डोळे हवेच्या दाबाच्या काट्यावर, कान त्याच्याकडे. 'सोड' ऐकलं की विचार करायचा नाही, हात गेला पाहिजे. तिसऱ्या दिवशी तुझा हात असा चालायला लागला की हाक पुरी व्हायच्या आत बटण खाली. मी सगळ्यांदेखत तुझी पाठ थोपटली.

आता त्या सकाळचं. मी तिथे नव्हते, पण दोघांचे जबाब आणि मशीन तिन्ही मी नीट बघितलं आहे, आणि मला ते डोळ्यांसमोर दिसतं. नळावरच्या भांडणानंतर तुम्ही दोन दिवस अबोला धरला होता. कामापुरत्या दोन हाका सोडल्या तर त्या सकाळी एक शब्द नाही. सातवा की आठवा ट्रे. खालचा साचा लगदा घेऊन अर्ध्यावर आला होता. एका उंचवट्यावर लगद्याची गाठ राहिली होती म्हणून त्यानं हात घालून ती काढली. हे तो रोजच करायचा, सगळेच करतात. हातात विणलेला सुती मोजा. जाळीच्या टाक्याचं एक टोक बाहेर आलं होतं, त्यात मोज्याचा धागा अडकला. दुखलं काहीच नाही. बोराच्या काट्यात बाही अडकावी तेवढंच. तो हिसका देऊन वैतागानं म्हणाला, 'सोड, सोड ना.' तो ते मोज्याला म्हणाला, तारेच्या टोकाला म्हणाला की तुला, त्याचं त्यालाही सांगता येत नाही. तुझे डोळे हवेच्या काट्यावर होते. हात गेला.

पुढचं तुला माहीत आहे आणि मी ते लिहिणार नाही. एवढंच लिहिते की तू गोठून उभी राहिलीस हे सासू म्हणते ते खोटं आहे. मिटलेले साचे उघडायला 'धर' दाबावं लागतं, त्यानंच खालचा साचा परत हौदात जातो, आणि ते तूच दाबलंस, तेही लगेच, तो हवेचा आवाज थांबायच्या आत. तुझा दीर स्वतः सांगतो की साचा लगेच खाली गेला, मोजा घेऊन हौदात गेला. त्याच्या जबाबात बाकी एकच ओळ आहे, ती सगळे तुझ्याविरुद्ध वाचतात. 'मी दोनदा सोड म्हणालो, तरी तिनं बटण दाबलं.' तो खोटं बोलत नाही गं. त्याच्या बाजूनं तेच घडलं. दवाखान्यात तो मला म्हणाला, वहिनीचा राग असेल, पण एवढा? आणि मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवून बाहेर आले.

तिसऱ्या दिवशी आमच्या मालकांनी मला मशीन तपासायला पाठवलं. त्यांना काळजी मशीनच्या नावाची. मी साचा काढून खिडकीशी नेला आणि जाळीवर बोट फिरवत गेले. चौथ्या रांगेत ते टोक सापडलं. अजून त्यावर सुताचा पांढरा तंतू होता. तुला खरं सांगते, त्या क्षणी मला आनंद झाला. दुसऱ्या कोणाची तरी चूक सापडली याचा आनंद. कोणी शिवली असेल ही जाळी, कोणत्या पोरीनं टोक वळवलं नाही, हे मी आठवायलासुद्धा लागले. पण टोकं बाहेर येतातच, वर्षभर पाण्याचा मारा खाऊन प्रत्येक साच्याची येतात, आणि त्यानं फार तर मोजा फाटतो. बोटं जात नाहीत. मग मी पॅनेल उघडलं. माझंच वायरिंग, वायरीला वायर बरोबर. बटण दाबून बघितलं, साचा वर गेला, मिटला, हवा सुटली. जसं बनवलं होतं तसंच चाललं. मालकांनी छापून दिलेल्या कागदावर एक ओळ होती, 'यंत्रात कोणताही दोष आढळला नाही.' त्याखाली मी सही केली. भिंगरी, माझी सही आहे त्यावर. मशीन निर्दोष आहे असं लिहिलं की चालवणारी दोषी ठरते, हे कळायला मला काही जास्त शिकायची गरज नव्हती.

परत आल्यावर मालकांनी मला आत बोलावून दार लावलं. ओरडले नाहीत. उरलेल्या मशीनवाल्यांना नवी पट्टी पाठवू म्हणाले, 'दर्जा सुधारणा' म्हणून, कारण लिहायचं नाही. आता हिरव्या बटणाखाली 'हवा' लिहिलेलं असतं आणि वायरिंगसुद्धा बदललं, साचे मिटायला वेगळं बटण, तेही दोन्ही हातांनी दाबायचं. दीड दिवसाचं काम होतं. पाच वर्षांत कधीही करता आलं असतं. सदतीस पाकिटं मी माझ्या हातानं बांधली. अडतिसावं तुमच्या कारखान्याचं, ते पाठवलं नाही, कारण तिथलं मशीन चौकशी होईपर्यंत आहे तसं ठेवायचं आहे. मामा शेजारच्या टेबलावर डबा खात होते. त्यांनी पाकिटं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि डब्यातली अर्धी भाकर माझ्यापुढे सरकवली. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी ती भाकर खाल्ली. भूक लागली होती.

तू म्हणशील, सात आठवडे काय करत होतीस? मी वाट बघत होते. काय सांगू, लाज वाटते लिहायला. अपघाताच्या दिवशी दवाखान्याच्या जिन्यात तू माझा हात धरून एकच वाक्य बोललीस. तो सोड म्हणाला, मी सोड दाबलं, तू शिकवलंस तसं. मावशी शेजारी होती, तिला वाटलं पोर भ्रमात बडबडतेय. मला एका झटक्यात सगळं कळलं. मामांचं तोंड दिसलं मला. आणि तूही माझ्या चेहऱ्याकडे बघितलंस, आणि तुलाही कळलं की मला काय कळलंय. त्यानंतर तू ते वाक्य पुन्हा कोणाला बोलली नाहीस. मी स्वतःला सांगत राहिले की ती चौकशीत बोलेलच, बोलली की मी नाही म्हणणार नाही, तोवर आपण होऊन कशाला विस्तवात पाय घालायचा. नोकरी जाईल, मालक कोर्टात खेचतील, मामांच्या वयाच्या माणसाला साक्षीला उभं राहावं लागेल, एक ना दोन, कारणं काय हजार सापडतात. तू कडी लावून घेत होतीस तेव्हा मी दाराबाहेर बसून रडायचे खरं, पण खोटं कशाला बोलू, प्रत्येक वेळी थोडं सुटल्यासारखंही वाटायचं.

परवा मला चौकशीच्या कचेरीत बोलावलं, मशीन बनवणाऱ्यांच्या बाजूनं कागद बघून सही करायला. तिथे तुझा जबाब वाचला. तू लिहिलं आहेस, 'मला थांब दाबायचं होतं, घाबरून चुकून सोड दाबलं. मला कोणी शिकवलं नाही, बघून बघून शिकले.' 'थांब' आणि 'सोड' यांच्यात हातभर अंतर मी ठेवलंय, एक छत्रीएवढं, एक बोटाएवढं, झोपेत कोणी चुकणार नाही. आणि बघून बघून शिकले? तीन दिवस तुझ्या मागे उभी राहून टपल्या मारणारी कोण होती? पोरी, तू माझ्यासाठी बोटं तोडणारी झालीस, आणि मी होऊ दिलं. मी काल पुन्हा कचेरीत गेले आणि सगळं लिहून दिलं. शब्द माझा, वायरिंग माझं, मामांनी दिलेला इशारा, शिकवलेलं वाक्य, आधीच्या खोट्या कागदावरची सही, सगळं. अधिकाऱ्यांनी वाचलं आणि चष्मा काढून म्हणाले, बाई, तुम्ही तिची सख्खी बहीण, आईच्या जागी, बहिणीला वाचवायला कोणीही असं लिहील, आणि तिचा स्वतःचा जबाब तर नेमका उलटा आहे. मामा साक्ष देणार आहेत, नव्या पट्ट्यांचं एक पाकीटही मी जोडलं आहे, पण तू तुझा जबाब बदलला नाहीस तर माझ्या कागदाची किंमत शून्य, असं त्यांनी मला स्वच्छ सांगितलं. म्हणून हे पत्र. मला वाचवू नकोस. तुझ्या दिराला एकदा कळू दे की त्याचा हात रागानं गेलेला नाही, ते त्याच्याशी जन्मभर एका घरात राहणाऱ्या तुला आणि त्याला दोघांनाही हवं आहे. मी येणार आहे सोमवारी, मागच्या बाकावर असेन, माझ्याकडे बघू नकोस, बघितलंस तर पुन्हा गप्प बसशील. ते विचारतील, 'सोड' ऐकल्यावर न बघता बटण दाबायला तुला कोणी शिकवलं? तेव्हा मान वर कर आणि सांग, ताईनं शिकवलं.

तुझीच,
ताई